खैऱ्या, ढवळी आणि बेबाबाईची आखाजी

गाडीला नाव ठेवायचं तर ते बैलासारखं ठेवावं, असं झुलालभाऊंचं ठाम मत. पाटीवरचा नंबर पोलिसांसाठी, नाव घरच्यांसाठी. त्यामुळे भडगाव तालुक्यातल्या त्यांच्या गिरणाकाठच्या गावात कुणी "जीप आहे का?" असं विचारत नसे. "खैऱ्या शे का घरी?" असं विचारत. खैऱ्या ही त्यांची पहिली गाडी. लष्कराच्या लिलावात सुटलेली, रंग उडून काथाच्या वडीसारखी झालेली ही जीप त्यांनी एक्क्याऐंशी साली वरणगावच्या एका निवृत्त माणसाकडून आणली. आणली म्हणजे काय, गावाच्या अलीकडे तिने जी बसकण मारली ती उठेचना. शेवटी शेतातली बैलजोडी सोडून तिला जुंपली आणि ओढत वेशीतून आत घेतली.

सगळं गाव पोट धरून हसलं. झुलालभाऊंची बायको कमलबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. ओवाळायचं कुणाला, ओढणाऱ्या बैलांना की ओढून आणलेल्या जीपला, हे तिला कळेना. तिने सगळ्यांनाच कुंकू लावलं. जीपमध्ये स्टिअरिंग धरून ताठ बसलेल्या नवऱ्याला मात्र नुसतं पाहून घेतलं. तो घोड्यावरच्या नवरदेवासारखा बसला होता.

पण हौसेला मोल नसतं. विहिरीवरची इंजिनं उघडून बसवण्यात झुलालभाऊंचा हात आधीच काळा झालेला होता, त्यांनी महिनाभरात खैऱ्याला चालतं केलं. मूळचा हॉर्न काही बोलला नाही, म्हणून रबरी फुग्याचा भोंगा बसवला. तो दाबला की रेडा अंगावर आल्यासारखा आवाज निघे आणि वाटेतल्या कोंबड्या घराच्या धाब्यावर चढत. ब्रेक तीनदा पाय मारल्याशिवाय लागत नसे. एक सिलिंडर मधूनच गप्प बसे, त्यामुळे खैऱ्याची चाल जरा लंगडी होती. झुलालभाऊंना ती चाल फार आवडायची. पोळ्याला त्यांनी बैलांसोबत खैऱ्यालाही धुतलं, बॉनेटवर गेरू लावला, बेगड चिकटवली आणि पुरणपोळीचा घास इंजिनासमोर धरला. कमलबाई म्हणाली, "घास खास का तो?" झुलालभाऊ म्हणाले, "वास तं लेस." आणि घास स्वतः खाऊन टाकला.

आता खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते. दिवाळीला नाही आली तरी चालेल, आखाजीला यायलाच हवी. झाडाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, खापरावरचे मांडे आणि आमरस हाणायचा, आणि चार दिवस कुणाचं ऐकायचं नाही. मात्र ती एकटी निघून येत नाही. तिला घ्यायला माहेरचा माणूस जावा लागतो, बहुतेक भाऊ. तो मुराळी. ज्या बाईला घ्यायला मुराळी येत नाही तिचं तोंड आखाजीला कुणी पाहू नये, इतकं ते उतरलेलं असतं.

झुलालभाऊंना बहीण नव्हती. ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत, पण आखाजी जवळ आली की अंगणातल्या निंबाकडे पाहत बसत. इतका मोठा निंब आणि त्याला झोका नाही.

शेजारी तानुबाई राहायची. नवरा गेलेला, आणि एकुलती एक लेक बेबाबाई, तिला त्याच वर्षी धुळ्यापलीकडे पांझरेच्या काठच्या गावात दिलेली. तानुबाई खैऱ्याला हात लावून म्हणाली, "झुलाल, तूच जाय ना रे भाऊ. मनी बेबाले लेवाले कोन जाई?"

झुलालभाऊंनी आनंदाने नुसता भोंगा दाबला.

तो आवाज गावभर गेला आणि त्यासोबत बातमीही गेली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर लेकींचे बाप जमले. "झुलाल, धुयाले चालनाच शे तं मनी आंडेरले बी लई ये." आंडेर म्हणजे लेक. नाही म्हणणं झुलालभाऊंच्या स्वभावातच नव्हतं. पारोळ्याची एक, मुकटीची एक, धुळ्याच्या दोघी, अशा वाटेवरच्या सगळ्या लेकी गोळा करायच्या आणि शेवटी बेबाबाईला घेऊन परत फिरायचं, असा बेत ठरला. बेत अगदी चोख होता. मुराळी उपाशी परत जात नसतो, एवढी एकच गोष्ट तेवढी सगळे विसरले.

पारोळ्याला सकाळीच आमरस आणि कुरडया. झुलालभाऊ पोटभर जेवले, पहिलंच घर होतं. मुकटीला मांडे आणि तुपाची वाटी. "थोडं घ्या" म्हणता म्हणता वाटी रिकामी झाली. धुळ्याच्या पहिल्या घरी त्यांनी पायजम्याची नाडी सैल केली. दुसऱ्या घरी भज्यांची परात समोर आली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले आणि यजमानांना वाटलं, माणूस मायाळू आहे. तिथून उठल्यावर पोट आणि स्टिअरिंग यांच्यात बोटभरही जागा उरली नव्हती. गाडीतल्या लेकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. खैऱ्या पाणी मागायला थांबला की त्या घागर घेऊन उतरत, आणि झुलालभाऊ बाभळीला टेकून देवाचं नाव घेत.

अशा अवस्थेत ते बेबाबाईच्या सासरी पोचले. तिची सासू भिकुबाई. उंच, हाडकुळी, आवाज पाट्यावर वरवंटा फिरावा तसा. तिने भल्या पहाटे उठून मांडे केले होते. ताट वाढलं. झुलालभाऊंनी ताटाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ताटावर आडवा हात धरला.

दाराआड बेबाबाई गाठोडं घेऊन उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला.

"आमना घरनं जेवन तुले गोड लागत नही," भिकुबाई म्हणाली, "मंग आमनी सून कशी काय लई जास? आनि तू तिना कोन?"

"भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा नही," झुलालभाऊ म्हणाले, "पन पक्का शे." आणि त्यांनी हात काढून घेतला. डोळे मिटले, मांडा मोडला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. बेबाबाईचा नवरा गिरधर, मोठा गरीब माणूस, त्यांच्याकडे पाहून घाबरला आणि पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच बसला.

भिकुबाई शेवटच्या घासापर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "आते आयक. दरसाल तू स्वता येशी तं बेबा जाई. दुसरा कोनले धाडं तं मी तिले धाडाव नही."

"येसू," झुलालभाऊ कसेबसे म्हणाले. "हातपाय चालतीन तोपर्यंत मीच येसू."

त्या दिवशी परत येताना गिरणेची वाळू दिसली आणि जीपमधल्या लेकींनी एकदम गाणं उचललं. आपली नदी दिसली की गाणं म्हणायचं, अशी रीतच त्या दिवसापासून त्यांच्या गाडीत पडली. सगळ्या गात होत्या, आणि पुढे बसलेली बेबाबाई गाता गाता रडत होती.

"नदी दखीसन कोनी रडस का?" झुलालभाऊंनी चिडवलं.

"तुले नही समजाव, दादा," ती नाक ओढत म्हणाली. "तुले कोन लेवाले येस?"

पुढच्या वर्षापासून झुलालभाऊ शहाणे झाले. पहाटे निघायचं, आधी थेट पांझरेवर जायचं, भिकुबाईच्या घरी रिकाम्या पोटी जेवायचं आणि येताना बाकीच्या घरी ताकावर भागवायचं. भिकुबाई बोलायला तिखट होती, पण आता ती मांड्यांची चळतच लावायची. झुलालभाऊ जेवत असताना ती समोर बसून त्यांना गाडीबद्दल विचारायची. पाणी किती पिते, चारा काय खाते, असं. एकदा तिने खैऱ्याच्या तोंडावरून हातही फिरवला.

शहाऐंशी साली धुळ्याच्या एका डॉक्टरांची पांढरी अँबेसेडर झुलालभाऊंच्या दारात आली. तिचं नाव ढवळी. खैऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. भंगारवाल्याचं नाव काढलं की झुलालभाऊ जेवणावरून उठत. तेव्हा बेबाबाईने गिरधरच्या मागे टुमणं लावलं आणि खैऱ्या तिच्या सासरी गेला. दोन वर्षं गिरधरने त्याच्यावर कांदे वाहिले, मग तो बंद पडला आणि खळ्यात उभा राहिला. कोंबड्यांनी मागची सीट बळकावली. झुलालभाऊ दरवर्षी गेले की आधी खळ्यात जाऊन त्याला भेटत, मग घरात येत. ढवळीला याचा राग येतो, असं ते कमलबाईला हळूच सांगत.

ढवळी खरोखर मानी होती. तिची पुढची सीट ओट्याएवढी रुंद, मागे चार लेकी आणि त्यांची लेकरं मावायची, डिकीत गाठोडी आणि पापडांचे डबे. सत्त्याऐंशीच्या आखाजीला, झोके खेळून झाल्यावर बेबाबाई झुलालभाऊंच्या पुढे येऊन उभी राहिली. "दादा, माले गाडी शिकाड."

झुलालभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. आखाजीला लेकीला नाही म्हणायचं नसतं, आणि तसंही त्यांना नाही म्हणता येत नसे. "औत धरस ना तू? मंग हाई बी तसंच शे," ते म्हणाले आणि ढवळीला गिरणेच्या कोरड्या पात्रात उतरवलं.

काय तो दिवस! वाळूत आपटायला काही नव्हतं, एक गाढव तेवढं होतं, तेही पहिल्याच फेरीत शहाणपणाने पलीकडच्या काठावर गेलं. काठावर गावच्या सगळ्या लेकी ओळीने बसून ओरडत होत्या. बेबाबाईने पदर कमरेला खोचला, गिअर टाकला आणि ढवळी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा चालू केली तर मागेच गेली. "तिना कान नको ओढू, तिले धीरे बोल!" झुलालभाऊ शेजारून ओरडत होते. ऊन उतरायच्या वेळी ढवळीने वाळूत एक मोठा गोल फेरा घेतला, सलग, न थांबता, आणि बेबाबाई इतक्या जोरात हसली की काठावरच्या बायकाही गप्प झाल्या. सासरच्या घरी ती असं कधी हसली असेल असं झुलालभाऊंना वाटेना. त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं. बहीण असते म्हणजे काय असतं ते आज कळलं, असं त्यांनी कमलबाईला सांगितलं. कमलबाई म्हणाली, "आनि गाढवले काय वाटनं ते बी सांगा."

त्यानंतर दर आखाजीला वाळूतला तो फेरा ठरलेला. सासरी मात्र याचा एक शब्द जाऊ द्यायचा नाही, अशी शपथ सगळ्या गावाने घेतली होती. आश्चर्य म्हणजे गावाने ती पाळली.

मधे एका वर्षी झुलालभाऊंची मती फिरली आणि त्यांनी ढवळी देऊन लिंबासारखी पिवळी फियाट घेतली. दिसायला नखरेल, नाव चिमणी. पण चिमणीत सहा लेकी बसेनात. एकीच्या मांडीवर एक, तिच्या मांडीवर लेकरू, लेकराच्या मांडीवर कुरडयांचा डबा, असं करत आणावं लागलं. गाणं म्हणायला छातीत हवा भरायलाही जागा नव्हती. चिमणीने एकच आखाजी पाहिली. गाडी वाईट नव्हती हो, गावाला लेकी जास्त होत्या. मग आली भुरी. राखाडी रंगाची, म्हशीएवढी ट्रॅक्स. तिच्यात किती बसतील हे कुणी मोजलंच नाही, आणि दार लागलं की झालं, असा हिशेब होता. भुरी पारोळ्याच्या रस्त्याने गाणी म्हणत यायची तेव्हा शेतातली माणसं औत थांबवून हात करायची.

भुरीच्या काळातच तानुबाई गेली. शेजारच्या घराला कुलूप लागलं. त्या वर्षी भाऊबंदांत कुजबुज झाली, की आता बेबाबाईला कुठे आणणार, आई नाही आणि घर नाही. झुलालभाऊ काही बोलायच्या आत कमलबाईच खोलीतून दोर घेऊन बाहेर आली. "बेबाना झोका आते आमना निंबले बांधा," ती म्हणाली. झुलालभाऊ त्या वयात निंबावर चढले. खाली उतरल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

अशी वर्षं गेली. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात झुलालभाऊंना भुरी चालवताना कडेचं काही दिसेनासं झालं. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, आहे ती नजर टिकेल, पण गाडी बंद. त्यांनी दोनदा विचारलं, "सावकाश चालवली तर?" डॉक्टरांनी दोनदा नाही म्हटलं. भुरी गावातल्याच एका होतकरू ड्रायव्हरला दिली. ती रोज दारावरून जायची आणि झुलालभाऊ रोज ओट्यावर तिच्याकडे पाठ करून बसायचे.

आणि आखाजी जवळ आली. बाकीच्या लेकींची चिंता नव्हती. कुणाचा भाऊ मोटरसायकल घेऊन जाणार होता, कुणी भुरीतच येणार होत्या. प्रश्न बेबाबाईचा होता. कमलबाई म्हणाली, "भुरीवालाले धाडा." झुलालभाऊंनी मान हलवली. दुसऱ्या कुणाला धाडलं तर भिकुबाई पाठवणार नाही, आणि पाठवली तरी शब्द मोडला तो मोडलाच. हातपाय चालतील तोपर्यंत मी येईन म्हणाले होते, आणि हातपाय तर चालत होते. डोळ्यांचं बोलणं झालंच नव्हतं.

"एसटीने जातो," त्यांनी जाहीर केलं. सोळा वर्षांत ते कधी बिनगाडीचे मुराळी झाले नव्हते. पांढरी टोपी घातली, आंब्यांची पिशवी घेतली. पाट्या वाचता येत नव्हत्या, तेव्हा धुळ्याची समजून चोपड्याच्या बशीत बसतील, या धास्तीने कमलबाई मागे मागे वेशीपर्यंत आली. नवरा बिनगाडीचा रस्त्यावर उभा आहे हे तिला बघवेना. झुलालभाऊंनाही लाज वाटत होती. भिकुबाई ओट्यावरून रस्त्याकडे पाहील, आणि रस्त्याने गाडी नाही, नुसता एक म्हातारा पिशवी सांभाळत येईल.

तेवढ्यात फरशीपुलाकडून आवाज आला. तीन ठोके, एक गप्प. तीन ठोके, एक गप्प. झुलालभाऊंनी पिशवी खाली ठेवली. लंगडी चाल होती. कमलबाई काही बोलणार तोच रेडा अंगावर आल्यासारखा भोंगा वाजला आणि वेशीतल्या कोंबड्या धाब्यावर चढल्या.

"खैऱ्या!" झुलालभाऊ ओरडले.

जीप समोर येऊन थांबली. म्हणजे थांबायला जरा पुढेच गेली, कारण ब्रेक अजूनही तिसऱ्यांदा लागत होता. स्टिअरिंगवर कमरेला पदर खोचलेली बेबाबाई होती. शेजारी गिरधर दोन्ही हातांनी दांडी धरून बसला होता आणि मागे, जिथे इतकी वर्षं कोंबड्या बसल्या होत्या तिथे, भिकुबाई. दात गेलेले, आवाज तोच.

"तुना डोयानं आमले समजनं," ती मागूनच म्हणाली. "तू स्वता येवाव नही, म्हनीसन मी स्वता उनू."

गिरधरने उतरून घाम पुसला. झुलालभाऊंच्या डोळ्यांची बातमी कळल्यावर बेबाबाईने खळ्यातून कोंबड्या हुसकल्या होत्या आणि धुळ्याहून मिस्तरी आणवला होता. खैऱ्या चालू झाला तेव्हा, चालवणार कोण, असं गिरधरने विचारलं. "मी," असं ती म्हणाली आणि खळ्यात एक फेरा मारून आली. गिरधर सांगू लागला, "घरमा कोनी बोले ना, भाऊ. मंग मायच म्हने, माले बी बसाड."

झुलालभाऊंनी खैऱ्याच्या बॉनेटवरून हात फिरवला. बेबाबाई खाली उतरून त्यांच्यापुढे उभी राहिली. "दादा, इतला साल तू माले लेवाले उना. आज मी तुले लेवाले उनू. दोन दिवस मना घर ऱ्हाय, मंग आखाजीले आपुन बठ्ठा जन आठे तुना गावले येऊ."

पण मुराळी उपाशी परत जात नसतो. कमलबाईने घाईने सगळ्यांना घरी नेलं, चूल पेटवली, खापर चढवलं. भिकुबाईच्या ताटात तिसरा मांडा पडला तेव्हा म्हातारीने ताटावर आडवा हात धरला. ही वेळ येईल म्हणून झुलालभाऊ इतकी वर्षं जणू टपूनच बसले होते.

"काबरं आक्का," ते गोड आवाजात म्हणाले, "आमना घरनं जेवन तुले गोड लागत नही का?"

भिकुबाईने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग खो खो हसली आणि हात काढून घेतला.

निघताना कमलबाईने झुलालभाऊंच्या हातात गाठोडं दिलं, कपाळाला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "लवकर या." असं तिला इतक्या वर्षांत कधी म्हणावं लागलं नव्हतं. झुलालभाऊ खैऱ्यात बसले, पण डाव्या बाजूला. खैऱ्याच्या त्या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते. पारोळ्याच्या अलीकडे वळण आलं आणि त्यांचा पाय आपोआप तीनदा खाली दाबला गेला.

"दादा, पाय उचल," बेबाबाई म्हणाली. "तठे ब्रेक नही."

त्यांनी पाय उचलला आणि मांडी घालून बसले. वारा लागत होता. कडेचं काही दिसत नव्हतं, समोरचा रस्ता तेवढा धुरकट दिसत होता, आणि तोही बघायची आज गरज नव्हती. मागे भिकुबाई आणि गिरधर पेंगत होते. धुळं मागे पडलं.

"पांझरा उनी का?" झुलालभाऊंनी विचारलं.

"उनी, दादा. दखाई ऱ्हायनी."

झुलालभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लेकींची गाणी सोळा वर्षं ऐकून त्यांना तोंडपाठ झाली होती, पण म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आज त्यांनी गाणं उचललं. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. दुसऱ्या ओळीला गालावरून पाणी ओघळायला लागलं, तरी ते गातच राहिले.

बेबाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, पण नदी बघून कोणी रडतं का, असं काही तिने विचारलं नाही.